एका पोटकलमातली तीन मुलं

अमेरिकेच्या २० फेब्रुवारी १९०७ च्या स्थलांतर कायद्याचं दुसरं कलम म्हणजे एक लांबलचक यादी आहे. कोणाला देशात पाऊल टाकू द्यायचं नाही, याची. वेडे, फेफऱ्याचे रोगी, क्षयरोगी, धंदेवाईक भिकारी, अनेक बायका करणारे, अराजकवादी, वेश्या. त्याच यादीत आणखी एक वर्ग आहे: आई-बापांपैकी निदान एक तरी सोबत नसलेली सोळा वर्षांखालची मुलं. खात्याच्या मंत्र्याला वाटलं तर तो सूट देऊ शकत असे. नियम मात्र स्पष्ट होता. एकटं मूल म्हणजे उद्याचा सरकारी खर्च, असा त्या काळचा सरळ हिशेब होता. एलिस बेटावरच्या स्थलांतर केंद्रात पहिलं नाव नोंदवलं गेलं ते अ‍ॅनी मूर या आयरिश मुलीचं, १ जानेवारी १८९२ रोजी. ती दोन धाकट्या भावांना घेऊन आली होती आणि आई-वडील आधीच न्यूयॉर्कात होते. ही भावंडं पंधरा-सोळा वर्षं उशिरा आली असती, तर धाकट्यांचा प्रवेश मंत्र्याच्या मर्जीवर लटकला असता.

या कायद्यापासून आजच्या कायद्यापर्यंतचा रस्ता सरळ नाही. फेब्रुवारी १९३९ मध्ये सिनेटर रॉबर्ट वॅग्नर आणि प्रतिनिधिगृहाच्या सदस्य एडिथ नोर्स रॉजर्स यांनी एक विधेयक मांडलं. जर्मनीतल्या चौदा वर्षांखालच्या २०,००० निर्वासित मुलांना दोन वर्षांत, ठरलेल्या कोट्याबाहेर प्रवेश द्यावा, अशी त्यात तरतूद होती. एक डेमोक्रॅट, दुसरी रिपब्लिकन. सुनावण्या झाल्या, साक्षी झाल्या, विरोधही जोरात झाला. जूनच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्षांच्या सचिवाने रूझवेल्ट यांना एक टिपण पाठवलं: एका काँग्रेस सदस्येला या विधेयकावर आपलं मत हवं आहे. टिपणाच्या कागदावर रूझवेल्ट यांच्या हातचा शेरा आहे: फाइल करा, कार्यवाही नको. विधेयक मतदानापर्यंत पोचलंच नाही. सरकारी कागदावरचा शेरा किती लहान असू शकतो आणि किती पुरतो, याचा हा नमुना अभिलेखागारात जपून ठेवलेला आहे.

पुढची पन्नास वर्षं सोडून थेट १९९० मध्ये येतो. ज्या तरतुदीचा माग मला घ्यायचा आहे ती तेव्हाची. तिला इंग्रजीत 'स्पेशल इमिग्रंट जुव्हेनाइल' म्हणतात. वकिलांच्या बोलण्यात 'सिज'. कायद्याच्या व्याख्यांच्या कलमात 'विशेष स्थलांतरित' नावाचा एक संकीर्ण वर्ग आहे. ज्यांना दुसरीकडे कुठे बसवता आलं नाही असे लोक तिथे अक्षरांच्या क्रमाने मांडलेले आहेत. धर्मोपदेशक आहेत, परदेशातल्या अमेरिकी दूतावासांत दीर्घ सेवा केलेले कर्मचारी आहेत, पनामा कालव्यावर काम केलेल्यांसाठी तर तीन पोटकलमं आहेत. त्यांच्यामागून 'जे' हे अक्षर येतं. छळ झालेली, दुर्लक्षित किंवा टाकून दिलेली मुलं कायद्यात राहतात ती या 'जे' मध्ये.

साधनांबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मुलांच्या खटल्यांच्या मूळ फाइली मोहोरबंद असतात आणि ते योग्यच आहे. उघडं असतं ते कायद्याचं छापील पान, फेडरल रजिस्टरमधले नियम, संसदीय समित्यांचे अहवाल आणि अपिलात गेलेल्या थोड्या खटल्यांची निकालपत्रं. निकालपत्रांत मुलाचं नाव नसतं, आद्याक्षरं असतात. त्यामुळे हा इतिहास मुलांचा कमी आणि मुलांविषयी लिहिलेल्या वाक्यांचा जास्त. पण वाक्यंसुद्धा बोलतात. 'जे' हे पोटकलम नीट वाचलं, त्यातला कोणता शब्द कोणत्या साली आला ते पाहिलं, तर त्यात तीन वेगवेगळी मुलं उभी दिसतात. प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर निराळं मूल होतं. आधीच्या मुलासाठी लिहिलेले शब्द मात्र कोणी पूर्ण पुसले नाहीत.

पहिलं मूल कॅलिफोर्नियातलं आहे. निदान त्या काळच्या परिस्थितीवरून तसं दिसतं. १९८६ च्या कायद्याने कागदपत्रं नसलेल्या लाखो लोकांना कायदेशीर होण्याची संधी दिली होती, पण अट होती १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून देशात राहत असण्याची. त्यानंतर आलेल्या मुलांना ही वाट बंद होती. यांतली काही मुलं मारहाणीमुळे, व्यसनामुळे, आई-बाप निघून गेल्यामुळे बाल न्यायालयात पोचली होती आणि राज्याच्या खर्चाने फॉस्टर कुटुंबांत वाढत होती. राज्य त्यांचं पालक होतं. शाळा, दवाखाना, कपडे सगळं राज्य देई. अठरा वर्षं पूर्ण झाली की तेच मूल कायद्याच्या नजरेत घुसखोर. ज्या मुलाला एका सरकारने दहा वर्षं पोसलं त्याला दुसरं सरकार हद्दपार करू शकत होतं, आणि दोन्ही सरकारं एकाच देशातली.

आपल्याकडे बालन्याय अधिनियमाखाली जिल्ह्याची बालकल्याण समिती एखाद्याला 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरवते. अमेरिकेत या जातीचं काम राज्यांची न्यायालयं करतात, कारण कुटुंबाचा कायदा राज्यांकडे आहे. परदेशी माणसाने राहायचं की जायचं हा विषय मात्र पूर्णपणे केंद्राचा, म्हणजे फेडरल सरकारचा. १९९० मध्ये काँग्रेसने या दोहोंच्या मध्ये एक पूल टाकला. २९ नोव्हेंबर १९९० रोजी थोरल्या जॉर्ज बुश यांनी सही केलेल्या इमिग्रेशन कायद्याच्या १५३ व्या कलमात तो आहे. अटी दोन. मुलाला अमेरिकेतल्या बाल न्यायालयाने आपल्या आश्रयाखाली घेतलेलं असावं आणि दीर्घकालीन फॉस्टर केअरला पात्र ठरवलेलं असावं. आणि मायदेशी परत जाणं त्याच्या हिताचं नाही, असा निर्णय न्यायालयीन किंवा प्रशासकीय प्रक्रियेत झालेला असावा. पुढे एक अपवादाची ओळ: अशा मुलाच्या जन्मदात्या किंवा आधीच्या दत्तक आई-बापाला त्या नात्याच्या आधारावर या कायद्याखाली कोणताही हक्क, सवलत किंवा दर्जा मिळणार नाही.

मुलाचं 'सर्वोत्तम हित' ही कल्पना अमेरिकी कुटुंब न्यायालयांत जुनीच. पण तारखा शेजारी ठेवल्या तर एक गंमत दिसते. संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारला आणि वर्षभरातच ती कल्पना अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात आली. कराराला मात्र अमेरिकेने आजवर अनुमोदन दिलेलं नाही. १९९५ मध्ये सही केली, पुढे काही नाही. आज ही गोष्ट अमेरिकेखेरीज संयुक्त राष्ट्रांच्या दुसऱ्या कुठल्याही सदस्य देशाबद्दल सांगता येत नाही.

१९९० च्या या मजकुरात छळ, दुर्लक्ष, परित्याग यांचा उल्लेख कुठेच नाही. मूल न्यायालयाच्या आश्रयाला का आलं, हे कायद्याने विचारलं नव्हतं. संसदेच्या कामकाजातही या कलमावर चर्चा जवळपास नाही. पुढच्या वीस वर्षांत न्यायाधीशांनी काँग्रेसचा हेतू शोधायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. माझा अंदाज असा की तेव्हा सगळ्यांना हे एक किरकोळ प्रशासकीय दुरुस्तीकाम वाटलं. किती घाईने केलं हेही कागदावर दिसतं. यांतली बहुतेक मुलं कुठल्याही तपासणीशिवाय सीमा ओलांडून आलेली. अशा व्यक्तीला देशात राहून ग्रीन कार्ड मिळण्याची सोय मूळ कायद्यात नव्हती. म्हणजे एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने घेण्यासारखं. डिसेंबर १९९१ मध्ये दुरुस्ती करून ग्रीन कार्डापुरतं या मुलांना रीतसर 'पॅरोल'वर देशात घेतलं असं समजावं, अशी तजवीज करावी लागली.

नियम आले १२ ऑगस्ट १९९३ ला. वय एकवीसच्या आत आणि मूल अविवाहित. मंजुरी मिळाल्यावर, ग्रीन कार्ड हाती येण्याआधी लग्न केलं, तर मंजुरी आपोआप रद्द. ही अट लिहिणाऱ्याला वाटलं असणार की मंजुरी आणि ग्रीन कार्ड यांच्यामध्ये काही महिन्यांचंच अंतर राहील.

१९९७ मध्ये चित्र एकदम बदलतं. न्यू मेक्सिकोचे सिनेटर पीट डोमेनिची यांनी संसदीय सुनावणीत एक शंका मांडली होती. तिचा मथितार्थ असा: परदेशातून शिकायला आलेला कुठलाही विद्यार्थी राज्याच्या न्यायालयात अर्ज करून घेईल, न्यायाधीश त्याला न्यायालयाचं आश्रित ठरवतील आणि तो कायमचा राहील. ही पळवाट बुजवली पाहिजे. असं खरोखर किती ठिकाणी घडत होतं, याचा हिशेब कागदांत नाही. पण २६ नोव्हेंबर १९९७ रोजी मंजूर झालेल्या एका खर्चविषयक कायद्यात ११३ वं कलम घुसलं आणि 'जे' पुन्हा लिहिलं गेलं. समितीच्या अहवालात कारण दिलं आहे: हा लाभ ज्यांच्यासाठी निर्माण केला होता त्यांच्यापुरताच राहावा, म्हणजे टाकलेल्या, दुर्लक्षित किंवा छळ झालेल्या मुलांपुरता.

आज या तरतुदीचा कणा मानले जाणारे हे तीन शब्द कायद्यात आले ते असे, दार अरुंद करण्याच्या कामासाठी. दुसरं मूल या दुरुस्तीतलं. ते दुखावलेलं असेल, पण त्याच्यावर कायद्याचा संशय आहे. आपण छळामुळेच न्यायालयात आलो, ग्रीन कार्डासाठी नव्हे, हे आता त्याने पटवून द्यायचं. त्यासाठी राज्याच्या न्यायालयाच्या आदेशाला अ‍ॅटर्नी जनरलची स्पष्ट संमती लागणार. मूल स्थलांतर खात्याच्या कोठडीत असेल तर मामला आणखी अवघड: राज्याच्या न्यायालयात जायलाच खात्याची विशेष परवानगी हवी.

या शेवटच्या अटीकडे जरा थांबून पाहावं. खात्याच्या एका टेबलावर मुलाला हद्दपार करण्याची फाइल आहे. मुलाने संरक्षण मागण्यासाठी न्यायालयात जावं की नाही, हे दुसऱ्या टेबलावर ठरणार. टेबलं दोन, खातं एकच. पेनसिल्व्हेनियातल्या कोठडीत असलेल्या घानाच्या एका मुलाचा खटला या अटीवर फेडरल अपील न्यायालयात गेला. वडिलांनी आपल्याला मारलं आणि टाकलं, असं त्याचं म्हणणं. खात्याने परवानगी नाकारली. ही धडपड छळापासून सुटण्यापेक्षा देशात राहण्यासाठी आहे, असं खात्याचं मत पडलं. २००३ मध्ये न्यायालयाने खात्याचा निर्णय उचलून धरला, कारण काँग्रेसने परवानगीचा अधिकार खात्याला दिलेला होता आणि तो मनमानीने वापरल्याचं न्यायालयाला दिसलं नाही. निकाल कायद्याला धरून आहे. पण तो वाचताना जाणवतं ते हे की मुलाच्या अंगावरच्या जखमांपेक्षा त्याच्या मनातल्या हेतूची चर्चा जास्त आहे. मुलाला दोन्ही हवं असू शकतं, मारापासून सुटकाही आणि राहायला जागाही, ही साधी शक्यता १९९७ च्या मजकुरात बसत नव्हती.

कोठडीतल्या मुलांचा प्रश्न तेव्हा चहूकडून पेटलेला होता. १९८५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये दाखल झालेल्या फ्लोरेस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सरकारच्या बाजूने निकाल दिला, तरी जानेवारी १९९७ मध्ये सरकारने तडजोड केली. मुलांना शक्य तितक्या कमी बंधनांच्या जागी ठेवायचं आणि विनाविलंब नातेवाइकांच्या हवाली करायचं, असं त्यात ठरलं. २००२ मध्ये एकट्या मुलांचा सांभाळ स्थलांतर खात्याकडून काढून आरोग्य खात्याच्या निर्वासित कार्यालयाकडे दिला गेला. मुलाला पकडणारा हात आणि सांभाळणारा हात वेगळे झाले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. ज्याने छळ केला त्याच्याशी संपर्क साधायला मुलाला भाग पाडू नये, हा नियम मात्र जानेवारी २००६ पर्यंत कायद्यात नव्हता. इतकी उघड गोष्ट लिहायला पंधरा वर्षं लागली.

तिसरं मूल २३ डिसेंबर २००८ ला येतं. मानवी व्यापाराविरुद्धच्या, विल्बरफोर्स यांचं नाव दिलेल्या कायद्यावर धाकट्या बुश यांनी त्या दिवशी सही केली. त्याच्या २३५ व्या कलमाने 'जे' मधली दीर्घकालीन फॉस्टर केअरची अट काढून टाकली. नवी अट अशी: छळ, दुर्लक्ष, परित्याग किंवा राज्याच्या कायद्यातल्या तत्सम कारणामुळे आई-वडिलांपैकी एकाशी किंवा दोघांशी पुन्हा एकत्र येणं शक्य नाही. मूल आता फॉस्टर घरातच असलं पाहिजे असं नाही. मामाकडे असेल, आजीकडे असेल, आईकडेही असेल. वय मोजायचं ते अर्ज केला त्या दिवशीचं. निकाल १८० दिवसांत द्यायचा. कोठडीतल्या मुलाला विशेष परवानगी लागेल ती त्याची कोठडी किंवा ठेवण्याची जागा बदलायची असेल तेवढीच, आणि ती देणार आरोग्य खातं.

'एकाशी किंवा दोघांशी' या शब्दांवरून राज्याराज्यांत वाद पेटला. बाप टाकून गेलेला आहे, आई सांभाळते आहे, अशा मुलाचं काय? नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं, मूल आईबरोबर राहत असताना बापाचा परित्याग पुरेसा नाही. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने उलट वाचन केलं: कायद्यात एकाशी म्हटलंय, तर एक पुरे.

या वादातला आपल्या वाचकांना जवळचा वाटेल असा खटला न्यू जर्सीचा आहे. मुलगा भारतात जन्मलेला. वडील लहानपणीच दूर झालेले. घरात चणचण, आई आजारी. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो बांधकामावर लागला. आठवड्याला सुमारे ७५ तास काम, कामातून पाठीचं आणि कातडीचं दुखणं. पुढे तो अमेरिकेत मामाकडे पोचला आणि मामाने त्याच्या ताब्यासाठी न्यू जर्सीच्या कुटुंब न्यायालयात अर्ज केला. मुलाबाबत छळ, दुर्लक्ष, परित्याग यांचे निष्कर्ष न्यायालयाने लिहून द्यावेत, म्हणजे पुढे फेडरल अर्ज करता येईल, अशी विनंती होती.

अपील न्यायालयाने वडिलांचा परित्याग मान्य केला. आईचं मात्र दुर्लक्ष झालं नाही, असं ठरवलं. मुलाने काम केलं हे भारताच्या कायद्याविरुद्ध असल्याचं दिसत नाही, हा त्यामागचा एक विचार. मराठी वाचकाला इथे ठेच लागेल. पंधरा वर्षांचं पोर वाळू-सिमेंट उचलतंय, हे दृश्य आपल्या कोणत्याही शहरात नवं नाही, आणि त्या काळच्या आपल्या बालकामगार कायद्याची बंदी मुख्यतः चौदा वर्षांखालच्या मुलांपुरती होती. ते कायद्यात बसतं म्हणून दुर्लक्ष नाही, असं म्हणायचं? न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१५ रोजी, दुसऱ्या एका प्रकरणासोबत, हा निर्णय फिरवला. न्यू जर्सीचं न्यायालय मुलाकडे न्यू जर्सीच्या कायद्यानेच पाहील, मुलाच्या मायदेशाच्या नव्हे. शिवाय त्याने आई आणि वडील दोघांबाबत स्वतंत्र निष्कर्ष द्यावेत. 'एकाशी किंवा दोघांशी' याचा अर्थ लावणं हे त्याचं काम नाही. ते फेडरल खात्याने पाहावं.

मला हा निकाल पटतो, पण अर्धाच. राज्याच्या न्यायाधीशाने आपल्या हद्दीत राहावं हे ठीक. मुलाला प्रत्यक्ष पाहणारा, त्याचं बोलणं ऐकणारा न्यायाधीश स्थलांतराबद्दल बोलू शकत नाही. स्थलांतराबद्दल बोलू शकणारा अधिकारी मात्र बहुधा कागद वाचूनच ठरवतो. ही रचना १९९० पासूनची. आणि त्या आईचं काय? गरिबीने पिचलेल्या, आजारी बाईवर 'दुर्लक्ष' हा शिक्का परदेशातल्या न्यायालयात बसावा, मुलाला वाचवायचं तर बसायलाच हवा, अशी ही तरतूद आहे. मुलाच्या भल्यासाठी आईने आपलीच निंदा मान्य करायची. कायद्याला परिस्थितीवर ठपका ठेवता येत नाही, माणूस लागतो.

दरम्यान अर्जांची संख्या वाढत गेली. २०१४ या आर्थिक वर्षात दक्षिण सीमेवर ६८,५४१ एकटी मुलं पकडली गेली. त्यांतली बहुतेक ग्वातेमाला, होंडुरास, एल साल्वादोर आणि मेक्सिकोची. आता १९९० चा दुसरा एक निर्णय आडवा आला, ज्याकडे तोवर कोणाचं लक्ष नव्हतं. विशेष स्थलांतरितांना ग्रीन कार्ड मिळतं ते नोकरीवर आधारित व्हिसांच्या चौथ्या वर्गातून. त्या वर्गाचा वाटा एकूण नोकरी-व्हिसांच्या ७.१ टक्के, म्हणजे वर्षाला दहा हजारांच्या थोडं खाली. मारहाणीतून सुटलेली पंधरा वर्षांची मुलगी आणि चर्चचा पाद्री एकाच रांगेत, नोकरीच्या रांगेत. शिवाय कोणत्याही एका देशाला ठरावीक वाट्यापेक्षा जास्त नाही. एच-वन-बी वर गेलेल्या मराठी कुटुंबांना ही देशनिहाय मर्यादा काय असते ते वेगळं समजावून सांगायला नको. परराष्ट्र खात्याच्या मे २०१६ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये मध्य अमेरिकेच्या तीन देशांसाठी या वर्गात १ जानेवारी २०१० ही तारीख छापून आली. त्या तारखेआधी ज्यांचे अर्ज आले त्यांनाच पुढे जाता येईल, बाकीच्यांनी थांबायचं.

आता १९९३ ची ती लग्नाची अट आठवा. मंजुरी मिळालेली मुलं रांगेत वयात आली, एकवीस ओलांडली, पंचविशीला लागली आणि लग्न केलं तर सगळं गेलं. नोकरीचा परवाना नाही, हद्दपारीची टांगती तलवार आहे. १८० दिवसांत निकाल देण्याची सक्ती होती, पण निकालानंतर वर्षानुवर्षं काहीच घडत नव्हतं.

२००८ च्या कायद्याला साजेसे नियम करण्याचा मसुदा ६ सप्टेंबर २०११ रोजी प्रसिद्ध झाला. अंतिम नियम ८ मार्च २०२२ रोजी. मध्ये साडेदहा वर्षं. या काळात खात्याने न्यूयॉर्कमधल्या अठरा ते एकवीस वयाच्या अर्जदारांना नाकारायला सुरुवात केली. त्यांना घरी परत पाठवण्याचा अधिकारच कुटुंब न्यायालयाला नाही, मग ते बाल न्यायालय कसलं, असा खात्याचा युक्तिवाद. मार्च २०१९ मध्ये मॅनहॅटनच्या फेडरल न्यायाधीशांनी तो फेटाळला. २०२२ च्या नियमांनी मंजुरीनंतरच्या लग्नाची शिक्षा काढून टाकली. हेतूच्या प्रश्नावर शब्द थोडे सैल केले: छळापासून सुटका हे न्यायालयात जाण्याचं एक प्रमुख कारण असलं म्हणजे झालं, एकमेव असायला नको. १९९७ चा संशय पुसला गेला नाही, पण मुलाला एकापेक्षा जास्त कारणं असू शकतात हे नियमांच्या कागदावर आलं. त्याच वेळी, रांगेत असलेल्यांची हद्दपारी चार वर्षं पुढे ढकलण्याचं आणि त्यांना कामाचा परवाना देण्याचं धोरणही जाहीर झालं.

मार्च २०२३ मध्ये परराष्ट्र खात्याने जाहीर केलं की मध्य अमेरिकेच्या तीन देशांची वेगळी रांग ठेवण्याची आपली पद्धत कायद्याच्या वाचनात चुकली होती. सगळ्यांची रांग एक झाली. एप्रिलच्या बुलेटिनमध्ये सगळ्या जगासाठी सप्टेंबर २०१८ ही तारीख आली. ग्वातेमालाची मुलं थोडी पुढे सरकली, बाकीच्या देशांची वर्षानुवर्षं मागे गेली. जागा वाढल्या नव्हत्या, फक्त वाटणी बदलली होती. आर्थिक वर्ष २०२५ चे या वर्गातले सगळे व्हिसा २८ फेब्रुवारीलाच संपले, वर्ष संपायला सात महिने बाकी असताना. ६ जून २०२५ रोजी हद्दपारी पुढे ढकलण्याचं धोरण मागे घेतलं गेलं. त्याविरुद्ध न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात दावा लागला. जुलैत खात्याने या तरतुदीतल्या गैरवापरावर आणि अर्जदारांमधल्या गुन्हेगारीवर एक अहवाल काढला. डोमेनिची यांच्या डोळ्यांसमोर परदेशी विद्यार्थी होता, या अहवालासमोर टोळीतला तरुण. शंकेची जात तीच.

या सगळ्यात १९९० ची ती अपवादाची ओळ, आई-बापाला काहीही न देणारी, जागची हलली नाही. ती लिहिली गेली तेव्हा कायद्यासमोर होतं ते पहिलं मूल, ज्याला दोन्ही पालक नव्हते. अशा मुलाच्या बळावर छळ करणाऱ्या बापाने ग्रीन कार्ड मिळवू नये, ही तिची इच्छा रास्त होती. २००८ मध्ये तिसरं मूल आलं, ज्याची एक बाजू शाबूत आहे. ओळ मात्र दोन्ही पालकांना सारखीच लागू राहिली. अमेरिकेचा कुठलाही नागरिक एकवीस वर्षांचा झाल्यावर आईसाठी अर्ज करू शकतो. या वाटेने ग्रीन कार्ड आणि पुढे नागरिकत्व मिळवलेल्या मुलाला तो करता येत नाही, मग ती आई मारणारी असो, की मारणाऱ्याच्या हातून त्याला सोडवून सीमेपर्यंत आणणारी. १९९७ च्या दुरुस्तीने त्या ओळीला नवा क्रमांक दिला, २००८ च्या दुरुस्तीने तिच्या आजूबाजूचं सगळं बदललं, आणि २०२२ चे नियमही तिच्या चौकटीतच राहिले.